दारातला कागद

कपाट सरकवताना त्याचा कोपरा बेडरूमच्या दाराला लागला आणि दाराला भोक पडलं. फार जोरात लागला असंही नाही. एसटीत शेजाऱ्याचं कोपर लागतं तितपत. पण पापड मोडल्यासारखा आवाज झाला आणि गुडघ्याच्या उंचीवर तळहाताएवढी फट दिसायला लागली. बाबा तेव्हा आमच्याकडे पुण्यात होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. आवाज त्यांना ऐकू गेला नसणार, पण आमची धावपळ दिसली असावी. हॉलमधून उठून आले, गुडघे धरून खाली बसले आणि भोकात दोन बोटं घालून आतून तपकिरी कागदाची एक पट्टी ओढली. मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, ओढाल तशी लांबत जाणारी. दिवाळीत लावतो त्या घडीच्या कागदी माळेसारखी.

"हे का होय?"

"कागद आहे, बाबा. आतून असंच असतं आता. दार हलकं होतं त्यानं."

त्यांनी ती पट्टी चांगल्या डोळ्याजवळ नेली. नाकाला लावली. मग म्हणाले, "मंग हे दार आपल्या बल्लारशाचंच होय म्हणा की." आणि हसायला लागले. असे हसले, की खोकला आला, पाणी द्यावं लागलं, आणि डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको म्हणून बजावलंय हे आठवून मी त्यांना गप्प करायला लागले. मला तो विनोद कळला होता. पण मला हसू आलं नाही, आणि ते का आलं नाही हे तेव्हापासून माझ्या डोक्यात फिरतंय.

आमच्या गावात, बल्लारशाला, दोन गोष्टी होत्या, पेपरमिल आणि लाकूड. गडचिरोलीकडून येणाऱ्या रस्त्यावर ट्रकची रांग लागायची, त्यात बांबूचे ट्रक कुठले आणि सागाचे कुठले हे अंधारातही ओळखू यायचं. बांबूचा ट्रक वरपर्यंत फुगलेला, चालताना कुरकुरणारा. सागाचा बुटका, गप्प आणि मागून दबलेला. बांबू मिलकडे जायचा आणि साग डेपोकडे, तिथून लिलाव होऊन आरा गिरण्यांकडे. आणि सागवानवाली माणसं बांबूवाल्यांना जरा खालची समजत. उघड कुणी बोलत नसे, पण लग्न जमवताना "पोरगा मिलमधी आहे" यातल्या पगारावर, क्वार्टरवर सगळ्यांचं प्रेम असलं, तरी आबाजी, म्हणजे माझे आजोबा, म्हणत, "बांबू का लाकूड होय? गवत होय ते." आबाजींचं वनस्पतिशास्त्र बरोबरच होतं. कायदा मात्र कितीतरी वर्षं बांबूला झाडच म्हणत आला. जंगलाबाहेरच्या बांबूला त्यातून वगळलं ते थेट 2017 साली. तर बाबांच्या हसण्यात हे होतं. आयुष्यभर ज्या गवताला नाक मुरडलं, ते लगदा होऊन, कागद होऊन, शेवटी सागाच्या जागी दारात जाऊन बसलं होतं. वरून सागाच्या रेषा छापलेला कागद, आतून कागद.

आबाजी गडचिरोलीतल्या आलापल्लीकडच्या कुपांवर, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यांवर, मुकादम होते. तेव्हा कूप ठेकेदार घ्यायचे. दिवाळी झाली की आबाजी निघायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे, पहिले दोन दिवस घरात बसून मोठमोठ्यानं बोलायचे, जणू समोरचा माणूस ओढ्यापलीकडे उभा आहे. गवताच्या झोपड्या, तांदूळ आणि मीठ, कामावर बहुतेक माडिया आणि गोंड माणसं. तोडायच्या झाडावर जंगल खात्याचा हातोडा पडायचा, एक ठसा छातीच्या उंचीवर आणि एक पार बुडाशी, कारण झाड गेल्यावर खोड उरतं आणि ते झाड शिक्क्याचंच होतं हे त्या खोडानं सांगायला हवं. कुऱ्हाडीची पहिली खाच ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला, मग उलट्या बाजूनं, थोडी वर. जाड लाकडं ओढायला हत्ती. त्या हत्तींच्या पिढ्या कमलापूरच्या कॅम्पात अजून आहेत. आता लोक त्यांच्यासोबत फोटो काढायला जातात. शाळेत असताना कुठल्याशा पुस्तकात मी वाचलं होतं, की आदिवासी झाड तोडण्याआधी त्याची माफी मागतात. आबाजींना मोठ्या उत्साहानं विचारलं. ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "कूप उघडताना कोंबडा कापत. मंग रोज तोडायचं अन् रोजी घ्यायची. माफी मांगाले टाइम कोणाले होता?" नंतर बराच वेळ मळतच राहिले. ती तंबाखू खाल्ली की टाकली, आठवत नाही.

1974 साली वन विकास महामंडळ आलं आणि ठेकेदार मागे पडत गेले. मिश्र जंगल तोडायचं, जमीन साफ करायची, ओळीनं साग लावायचा. आबाजींना त्या ओळी आवडायच्या नाहीत. "झाडं का पलटणीत उभी राहतात का?" हे वाक्य मी पर्यावरणप्रेमी माणसाचं म्हणून इथं टाकू शकले असते, आणि वाचणाऱ्यानं मान डोलावली असती. पण त्यांचा आक्षेप वेगळा होता. ओळीतल्या सागाला घाई असते, म्हणायचे, त्याच्यात तेल भरत नाही.

बाबांनी जंगलात जायचं टाळलं. अठराव्या वर्षी गावातल्याच एका शेठच्या आरा गिरणीत लागले आणि तिथं मिस्त्री झाले. बॅण्डसॉची दोन मोठी चाकं, एक वर, एक खाली जमिनीत, आणि त्यांच्यावरून फिरणारं पोलादी पातं. रुळांवरच्या ट्रॉलीला लाकूड आवळून ती ढकलायची. बाबा पात्याच्या उजव्या हाताला उभे राहायचे, म्हणून त्यांचा डावा कान गेला. उजवा निम्मा शाबूत आहे. फोनवर त्यांची एक तऱ्हा आहे: ऐकायचं असलं की फोन उजव्या कानाला, आणि स्वतःला बोलायचं असलं की तो डाव्या कानाला नेतात. म्हणजे मध्ये कुणी बोललं तरी अडथळा नको. तीस वर्षं आरा चालवून हाताची बोटं मात्र दहाच्या दहा आहेत, आणि याचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या डिग्रीचाही नाही. गिरणीतल्या जुन्या माणसांची बोटं मोजायला गेलं तर हिशेब लागत नसे. बाबा रामराम करताना दोन्ही पंजे जरा जास्तच उघडतात, ते त्यामुळे.

सागाचा वास कसा असतो ते लिहून सांगता येत नाही, तरी प्रयत्न करते. ताजं चिरलेलं लाकूड नव्या चपलेसारखं वास मारतं, पण त्यात काहीतरी आंबटसर असतं आणि हात लावला की मेणचट लागतं. चिरताना ते सोनेरी-हिरवट निघतं, दोन दिवस उन्हात पडलं की रंग पकडतं. पण सागाच्या पोटात बारीक रेतीसारखं काही असतं, त्यानं पात्याचे दात बोथट होतात, दिवसातून कितीदा तरी पातं उतरवून धार लावावी लागते. धार लावायची खोली वेगळी होती. भिंतीवर मोठमोठ्या वेटोळ्यांत पाती टांगलेली, आणि बाबा एकेक दात तपासत बसलेले. ओठ हलायचे. मी लहान असताना मला वाटायचं ते जप करतायत. ते दात मोजत असत.

भुसा आमच्या घरात सगळीकडे होता. बाबांच्या भुवयांत, डब्याच्या झाकणाच्या खाचेत, माझ्या वहीच्या शिवणीत. सागाचा भुसा अंगाला खाजतो, नाकात गेला की शिंका थांबत नाहीत. पोरी मला "भुसा" म्हणायच्या आणि मी रडत घरी यायचे. आई म्हणायची, "त्यांच्या चुलीत काय जळते ते विचार त्याईले." कारण आमच्या चाळीत सगळ्यांकडे भुशाचीच शेगडी होती. डालड्याच्या मोठ्या डब्याला खाली बाजूला एक भोक पाडलेलं. त्यातून एक काठी आत घालायची, मधोमध एक काचेची बाटली उभी धरायची आणि भोवतीनं भुसा ओतून मुठीनं, मग लाटण्याच्या बुडानं ठोकून ठोकून बसवायचा. हे सगळं ठीक. खरी परीक्षा बाटली काढताना. गोल गोल फिरवत, श्वास धरून, एका दमात वर. जरा हात थरथरला की सगळा भुसा मध्ये कोसळायचा आणि पहिल्यापासून सुरू. नीट निघाली तर मध्ये गुळगुळीत विहीर तयार व्हायची. काठी ओढून घेतली की खालून हवा. असा एक डबा पेटला की वरण, भात, भाजी, आंघोळीचं पाणी, सगळं व्हायचं. आईची बाटली कधी चुकायची नाही. मला एकदाच जमली, आणि तेव्हा घरात बघायला कुणी नव्हतं.

लाकूड मोजायला बाबांनी मला चौथीत शिकवलं. दोरीनं गोलाई घ्यायची, त्या दोरीच्या चार घड्या करायच्या, म्हणजे गोलाईचा चौथा हिस्सा. त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट गोलाई, दहा फूट लांबी, म्हणजे एक गुणिले एक गुणिले दहा. दहा घनफूट. सोपं. पुढे शाळेत वृत्तचितीचं घनफळ आलं, तेव्हा तेच लाकूड मी पायनं काढून बघितलं, तर उत्तर पावणेतेराच्या जवळ आलं. मला वाटलं बाबांना आयुष्यभर कुणीतरी फसवलं. धावत गिरणीत गेले. शंभरातले एकवीस भाग गायब! त्यांनी आरा थांबवला नाही, ट्रॉली थांबवली. "माहीत आहे," म्हणाले. "ते साल घेते, वाकडेपणा घेते, आरा घेते. गोल लाकडातून चौकोनी माल काढशीन त तेवढं जाणारच. धंद्यानं ते आधीच सोडून देल्लं आहे." मी म्हटलं, मग सोडलेलं जातं कुठे? त्यांनी पायाखाली बोट दाखवलं. भुशाचा खड्डा. म्हणजे आमचा वरण-भात.

12 डिसेंबर 1996. ही तारीख आमच्या घरात आजीच्या तिथीसारखी पाठ आहे, जरी त्या दिवशी कुणाला काही कळलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाचा हुकूम झाला होता: मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे तोडीच्या सरकारी आराखड्याशिवाय, जंगलतोड बंद, जंगलातल्या आरा गिरण्या बंद, मग विनापरवाना गिरण्या बंद, पुढे नवा परवाना मिळणं म्हणजे देव भेटणं. गिरणीतली माणसं त्याला "गोदावरीची केस" म्हणत. गोदावरी आमच्याच जिल्ह्यांच्या खालून वाहते, त्यामुळे कुणालाही शंका आली नाही. मला कितीतरी वर्षांनी कळलं, की ते गोदावर्मन, केरळातल्या निलंबूरचे, आणि त्यांची तक्रार निलगिरीतल्या जंगलाबद्दल होती. निलंबूर म्हणजे जिथं इंग्रजांनी 1840 च्या दशकात सागाची लागवड सुरू केली ते गाव. सागाच्या एका गावातल्या माणसानं केस टाकली आणि सागाच्या दुसऱ्या गावातला आरा थांबला. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यानं पाहिलं असंन ना जाताना. आपण येताना पाहत होतो." मला हे वाक्य नीट कळायला वेळ लागला. त्या माणसानं जंगलातून लाकूड जाताना पाहिलं होतं. आम्ही ते फक्त गावात येताना पाहत होतो.

आमच्या गिरणीच्या कागदपत्रांत काय कमी होतं ते शेठनं कधी सांगितलं नाही. काही महिने आरा बंद, मग थोडे दिवस चालू, मग कायमचा बंद. पण सगळं कोर्टावर टाकणं खोटं होईल, बाबाही टाकत नाहीत. तोवर प्लायवूड आलंच होतं. मग एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेले तक्ते, आलं, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, न्हाणीघराला ग्रॅनाइटच्या चौकटी आल्या. कांडला बंदरात घानाचं सागवान उतरायला लागलं. ब्रह्मदेशाचं तर आधीपासून येतच होतं, 2014 साली त्यांनी गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं तोवर. शेतकऱ्याच्या बांधावरचा साग तोडायचा तर त्याला परवानगी, न्यायचा तर वाहतूक परवाना; सुतारानं हिशेब केला आणि हार्डवेअरच्या दुकानातून रेडिमेड दार उचललं. बाबांनीही मग अशाच एका दुकानात काम धरलं. प्लायच्या शीट मोजून ट्रकवर चढवायचं. ते प्लायला पापड म्हणायचे. "आज दोनशे पापड गेले." रात्री जेवताना आईनं पानात पापड वाढला की आम्ही दोघं भावंडं एकमेकांकडे बघायचो नाही.

माझी इंजिनियरिंगची पहिल्या वर्षाची फी शेठकडच्या उचलीतून भरली होती. म्हणजे सागातून. ती उचल बाबांनी दुकानातल्या पगारातून फेडली. म्हणजे पापडातून.

गिरणीच्या जागेवर आता लॉन आहे. लॉन म्हणजे आमच्याकडे लग्नाचं मैदान. झगमगतं प्रवेशद्वार, प्लास्टिकचा कारंजा. चुलतबहिणीचं लग्न तिथंच झालं. मी स्टेजवर फोटोला उभी होते आणि बाबा खालून हातवारे करत होते. मला वाटलं पदर सरकलाय. खाली उतरल्यावर म्हणाले, "खड्ड्यावर उभी होतीस. भुशाच्या." गालिच्याखालून मला काही वेगळं जाणवलं असं म्हणायचा मोह होतो, पण नाही. डीजे चालू होता आणि सँडल चावत होता.

दादा हल्ली ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सी चालवतो. वहिनीचं माहेर तिकडचं, त्यामुळे जमलं. 1995 साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा त्यानं कधी तरी खाकी शर्ट घालून मुंबईच्या लोकांना वाघ दाखवावा असं घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तो तेव्हा गिरणीत ट्रॉली ढकलायचा. आता मंगळवारची सुट्टी, पावसाळ्यात कोअर, म्हणजे आतलं जंगल, बंद, आणि उरलेले दिवस पहाटे चारला उठणं. कमाई बाबांपेक्षा चांगली. मी एकदा त्याच्यासोबत गेले होते. वाघ काही दिसला नाही. पाहुणे कंटाळून मोबाईल बघायला लागले, तेव्हा एका जाड सागापाशी त्यानं गाडी थांबवली, वाघानं नखं घासल्याच्या खुणा दाखवल्या, आणि मग बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "दोन घनमीटर तरी निघंन." मागच्या सीटवरच्या बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू यानंच दगड मारून वाघ पळवला. तो मग उरलेला सगळा वेळ पक्ष्यांची नावं सांगत राहिला. परतताना मला म्हणाला, "बाबाले सांगू नको." कुठली गोष्ट सांगायची नाही ते त्यानं सांगितलं नाही. आकडा तोंडून गेला ती, की नंतर तो गप्प बसला ती.

पुण्यात चार लोकांत मी सहज म्हणून जाते, की बरं झालं, जंगल वाचलं. मनापासून म्हणते. आमच्या भागात पावसाळा सरताना सागाच्या पानांना कीड लागते, पान सगळं खाल्लं जातं आणि फक्त शिरांची जाळी उरते. अख्खा डोंगर तपकिरी दिसतो, माणसाला वाटावं जंगल मेलं. आणि मग नवी पानं येतात, कोवळी, जी बोटांत चुरडली की हात लाल होतात. लहानपणी आम्ही तसे हात करून रक्त म्हणून आईला घाबरवायचो. ते जंगल उभं राहावं असं मला वाटतं. बाबांसमोर मात्र मी हे वाक्य उच्चारत नाही. आणि ज्यांची माणसं तेंदूपत्ता तोडायला, मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं नेली, त्या गावांसमोरही पुण्यातला हा आवाज काढायची माझी हिंमत नाही.

आलापल्लीजवळ जुन्या सागांचा एक राखलेला तुकडा आहे, वनवैभव म्हणतात. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ केलं. बाबांना तिथं मीच नेलं, फार मोठं काही दाखवतेय अशा थाटात. मान मोडेल इतकी उंच झाडं. मला वाटलं ते भारावतील. ते वर बघेचनात. एका पडलेल्या सागाजवळ उभे राहिले. तिथं पडलेलं झाडही उचलत नाहीत, जिथं पडतं तिथं मातीत जाऊ देतात. बुरशी आली होती, एका बाजूनं वाळवीनं मातीची भिंत चढवली होती. बाबांनी बुटाच्या टाचेनं ठोकून पाहिलं. आतलं लाकूड अजून टणक होतं. "कुजून राहिलं," म्हणाले. मी जैवविविधतेचं सांगायला लागले: मेलेलं झाड किती जिवांना पोसतं, वगैरे. सगळं ऐकून घेतलं. उजवा कान माझ्याकडे केला होता, म्हणजे खरंच ऐकत होते. मग म्हणाले, "असंन. पण ह्याची चौकट शंभर वर्षं उभी राहिली असती, माय." जेवायला थांबलो तिथंही त्यांचं लक्ष नव्हतं. मला राग आला होता. त्यांचा नाही, ते चूक नव्हते याचा.

29 मार्च 2023 ला बल्लारशाहून अयोध्येसाठी सागवान निघालं, तेव्हा ते गर्दीत होते. मंदिराच्या दारांसाठी. लाकडांवर फुलं, ढोल, झेंडे, रस्त्यावर रांगोळ्या. दादानं मला व्हिडिओ कॉल लावला होता आणि सगळं दाखवत होता, मधूनच बाबांचा चेहरा यायचा. लोक हात लावून नमस्कार करत होते. बाबांचे ओठ हलत होते. दादानं कॅमेरा त्यांच्याजवळ नेला आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा, का म्हणून राहिले? रामरक्षा?" त्यांनी त्याला हातानं बाजूला सारलं. मोजणी चुकली असावी, कारण पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आमच्या घरात या गोष्टीवर आम्ही खूप हसतो. नव्या संसद भवनातही आमच्याकडचं सागवान लागलंय. बाबांना त्याचं सुख आहे, लाज नाही आणि फार अभिमानही नाही. लाकूड चांगल्या जागी गेलं, एवढंच. रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर आता सगळीकडे वाघ, हरणं, पानं रंगवलीत. 2018 मध्ये सुंदर स्टेशन म्हणून चंद्रपूर-बल्लारशाला देशात पहिलं बक्षीस मिळालं. मला ती चित्रं मनापासून आवडतात. सुट्टीत उतरले की पोरांना एकेक दाखवते. आरा ओढणारा माणूस मात्र कुठल्या भिंतीवर दिसला नाही. अर्थात मी तो शोधलाही नव्हता, बाबांनी विचारलं तेव्हा लक्षात आलं.

तर ते भोक पडलेलं दार. सुतार आला, विशीतला मुलगा, गोरखपूरकडचा. जुनं दार उतरवलं, नवं तसंच दार लावलं, वीस मिनिटांत. बाबा खुर्ची टाकून बघत होते. त्याच्या हातातल्या ड्रिलवर त्यांची नजर होती, पण मला कळत होतं की ते बोटं मोजतायत. निघताना त्यांनी त्याला थांबवलं, तोडक्या हिंदीत विचारलं, रंधा मारता येतो का. तो म्हणाला, "दादाजी, अब कौन मारता है." बाबांनी मान हलवली. त्यात नाराजी नव्हती. मग त्यांनी जुन्या दारातून ती कागदाची पट्टी, चांगली हातभर, सोडवून घेतली, घडी केली आणि औषधांच्या पिशवीत ठेवली. मी विचारलं कशाला. म्हणाले, "दाखवतो चौकात."

आठ दिवसांनी फोन आला. उजव्या कानाला असणार, कारण आधी मला विचारत होते.

"त्या दाराची जाडी किती होती?"

"सव्वा इंच असेल."

"उंची पावणेसात, मी मोजली होती. रुंदी अडीच." थोडा वेळ श्वासाचा आवाज. "पावणेदोन घनफूट. अन् आतमधी?"

"कडेनं पट्ट्या असतात लाकडाच्या, बाबा. बाकी तो कागद."

"कागद त कागद. कागदाच्या घरात का आहे?"

"हवा."

मागे चहाच्या टपरीचा आवाज येत होता, कपांचा, कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं, अरे विचार ना, विचार. चौकातली सगळी जुनी मंडळी असणार. "आम्ही शंभरातले एकवीस सोडत होतो," बाबा म्हणाले, पण मला नाही, त्यांना सांगत होते. "यानं नव्वद सोडले." तिकडे हशा झाला. मग मला विचारलं, केवढ्याचं पडलं दार. मी आकडा सांगितला. खरा आकडा, कमी करून सांगायचं आयत्या वेळी सुचलं नाही. टपरीवर एकदम शांत झालं, म्हणजे फोन स्पीकरवर होता.

"चांगला धंदा आहे," बाबा म्हणाले.

मला एकाएकी हसू आलं, पार पोटातून, आणि हसता हसता मी काहीतरी बोलायला गेले, पण तोवर फोन डाव्या कानाला गेला होता आणि ते मला सांगत होते, की चौकात कुणालाच ओळखता आलं नाही, तो कागद कशातला आहे ते. एक जण म्हणाला फटाक्याचा. एक जण म्हणाला, गणपतीच्या मखराचा.